खोली क्रमांक नऊ आणि तिसरा झरा

“सात जणांची समिती, एक विद्यार्थिनी, आणि स्टेपलर मात्र शेजारच्या खात्यातून उसना आणायचा,” फाइलताई पुटपुटल्या. कपाटाच्या आड, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने पुटपुटल्या. पण ती एक विद्यार्थिनी कपाटाला लागूनच सोफ्यावर बसली होती. तिला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

“मी आणू का, ताई?”

“अगं बाई! तू आहेस होय?” फाइलताईंनी कपाटाआडून डोकं काढलं. “तू नको उठूस. तू उठलीस तर इथे आधार द्यायचा कुणाला? मलाच सोफ्यावर बसावं लागेल.”

आदिवासी संशोधकांना आधार देण्यासाठी विद्यापीठाने हा कक्ष काढला तेव्हा संशोधक तिघे होते. एकाला नोकरी लागली. दुसरी, जिथे जरा कमी आधार मिळेल अशा विद्यापीठात निघून गेली. उरली धाकटी. घरातलं शेंडेफळ म्हणून घरी तिला धाकटी म्हणत. इथे सगळे ‘आपली विद्यार्थिनी’ म्हणत, आणि म्हणताना मान जराशी कलती करत. तिघांचा आधार आता एकटीच्या अंगावर येऊन पडला होता. सोफा तिच्यासाठी, चहाची किटली तिच्यासाठी, भिंतीवर ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ असा फलक आणि त्याखाली तिचाच हसरा फोटो, चांगला सतरंजीएवढा. ती त्याखाली बसली की येणारा-जाणारा एकदा वर बघे, एकदा खाली, आणि खालची हसत नाही म्हणून काळजीत पडे. वेळेचं नियोजन कसं करावं याची कार्यशाळा आठवड्यातून दोन दिवस असे, त्यामुळे कामाला वेळ उरत नसे. मंगळवारी ‘ऐकण्याचा तास’. समितीचे सात जण गोल करून बसत आणि तिचं ऐकत. तिच्याजवळचं सांगण्यासारखं सगळं पहिल्या महिन्यातच संपलं होतं. मग ती आत्याच्या शेळीचं काहीबाही सांगे, आणि सातही जण गंभीर चेहऱ्याने लिहून घेत.

एवढं सगळं मिळत होतं. मिळत नव्हती ती फक्त लाल शाई.

संशोधकांच्या खोलीत तिच्या शेजारच्या टेबलावर एक चष्मिस बसे. दोघांचे मार्गदर्शक एकच. चष्मिसने प्रकरण लिहून दिलं की ते सरांकडून परत येई ते रक्तबंबाळ होऊन. पानापानावर लाल रेघा, फुल्या, समासात “कशावरून?”, “मूर्खपणा!”, “हे तुला तरी कळलं का?” वर सर दारातूनच ओरडत, “अरे गाढवा, इकडे ये!” चष्मिस कॅन्टीनमध्ये जाऊन रडे, नाक पुसून परत येई आणि पुन्हा लिही. आणि दुसऱ्या खेपेला ते प्रकरण असं काही उभं राही, की धाकटीला त्याचा मत्सर वाटे.

तिची प्रकरणं परत येत ती परीटघडीची. शेवटच्या पानावर एक ओळ: ‘छान. काळजाला भिडलं.’ पहिल्या महिन्यात सर तिलाही तू म्हणत, एकदा तर “अगं वेडाबाई” म्हणाले होते. मग कक्षाने मार्गदर्शकांसाठी दोन दिवसांचं संवेदनशीलतेचं शिबिर घेतलं. सर तिथून आले ते तिला ‘आपण’ म्हणतच आले. धाकटीला कळेना, आपलं काय चुकलं. तेव्हापासून दर प्रकरणाला ती एक नवं कोरं लाल पेन अडकवून देई. प्रकरण परत येई, पेनही परत येई, टोपणसुद्धा न काढलेलं. तिच्या पिशवीत अशी पाच पेनं साठली होती.

आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध दाखल करायचा होता. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळत नसे. पाचचे सव्वापाच झाले तर पाच वर्षांचं काम रद्दीत.

प्रबंध होता तिच्या डोंगरातल्या झऱ्यांचा. अकरा झरे. कुठला कधी वाहत होता, कधी आटला, कशाने आटला; त्रेचाळीस म्हाताऱ्या माणसांशी बोलून तिने सगळं उतरवलं होतं. त्यात चौथं प्रकरण होतं तिसऱ्या झऱ्याचं. त्या प्रकरणात कुठेतरी काहीतरी चुकलंय असं तिला वाटे. काय ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. म्हणून तर कुणीतरी दुसऱ्याने बोट ठेवायला हवं होतं.

पाच महिन्यांपूर्वी सगळ्या प्रबंधाचा मसुदा तिने कक्षाकडे दिला होता. पानं हरवू नयेत म्हणून फाइलताईंनी तो समोरच्या बाइंडिंगवाल्याकडून निळ्या कापडात बांधून घेतला, पाठीवर सोनेरी नाव घातलं आणि कक्षाच्या रिवाजाप्रमाणे वर फिरती चिठ्ठी टाचली. ही चिठ्ठी म्हणजे, कागद एकाकडून दुसऱ्याकडे जाणार, प्रत्येकाने वाचायचं, शेरा मारायचा, सही करायची आणि पुढच्याच्या टेबलावर ढकलायचं. सोमवारी सकाळी तो मसुदा सात टेबलं फिरून परत आला होता.

“घे बाई,” फाइलताईंनी तो निळा ठोकळा छातीशी धरून आणला. त्या जेवायला जातानासुद्धा छातीशी फाइल धरत, म्हणून तर ते नाव. “सातही सह्या! आणि शेरे बघ कसले!”

धाकटीने चिठ्ठी वाचली. ‘अप्रतिम.’ ‘भुकेचे इतके जिवंत चित्रण प्रथमच वाचले.’ ‘मूळ हस्ताक्षरे जशीच्या तशी ठेवण्याची पद्धत धाडसी.’ ग्रंथालयाचे प्रमुख लिहीत होते, ‘खोली क्रमांक नऊ ही प्रतिमा पुन्हा पुन्हा येते आणि अंतर्मुख करते.’ शेवटी सरांची सही: ‘सबंध वाचले. निःशब्द.’

“ताई,” ती म्हणाली, “झऱ्यांच्या प्रबंधात खोली क्रमांक नऊ कुठून आली?”

“प्रतिमा असेल.”

धाकटीने मसुदा उघडला. पहिल्या पानावर निळ्या बॉलपेनने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘बाथरूमच्या नळाला गरम पाणी येत नाही. खोली क्र. ४.’ खाली दुसऱ्या हातचं: ‘सकाळच्या चहात चहा नाही. खोली क्र. ११.’ त्याखाली, कागद फाटेल इतक्या जोराने: ‘नळ गळतो. तिसऱ्यांदा सांगते आहे. खोली क्र. ९.’ तिने भराभर पानं उलटली. बटाटे कच्चे. खिडकीची कडी तुटली. नळ गळतो, खोली क्र. ९. गादीत काहीतरी हलते. नळ अजून गळतो, खोली क्र. ९.

फाइलताई सोफ्यावर बसल्या. पाच वर्षांत त्या सोफ्यावर पहिल्यांदाच.

“त्या दिवशी,” त्या हळूच म्हणाल्या, “मुलींच्या वसतिगृहाची जुनी तक्रारवहीपण बांधायला गेली होती. खिळखिळी झाली होती म्हणून. दोन्ही मीच दिली. म्हटलं, एका खेपेत होईल.”

“दोन्ही निळ्या कापडात?”

“निळंच होतं गं त्याच्याकडे. मेल्याने पुठ्ठे उलटसुलट चढवले.”

वरून फोटोतली धाकटी हसत होती.

“हे बघ,” फाइलताई कुजबुजल्या, “कुणाला म्हणून सांगू नकोस. सात जणांनी सह्या केल्यात. सांगितलंस तर सातांची नाकं कापली जातील आणि आठवं माझं. उद्या ऐकण्याच्या तासाला सर प्रमाणपत्रावर सही करणारच आहेत, फोटोवाल्यालाही बोलावलंय. सही पदरात पाडून घे. मग तुझी खरी प्रत छापून दाखल कर. कोण बघतंय?”

धाकटीने मान हलवली. आधी खरा मसुदा ताब्यात घ्यायला हवा होता.

वसतिगृहाच्या रेक्टर बाई पाच महिन्यांपूर्वीच रुजू झाल्या होत्या. बारीक, काटक, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणाऱ्या. वसतिगृहातल्या मुली त्यांच्या नुसत्या किल्ल्यांचा आवाज ऐकून दिवे मालवत.

“तक्रारवही?” रेक्टर बाईंनी कपाट उघडलं. “हो, आहे ना. काय गं, तूही लिहिलंयस का त्यात काही? माझ्या आधीच्या बाईंनी काय दिवे लावलेत बघ. एका तक्रारीला उत्तर दिलं असेल तर शपथ! मी आल्यापासून रोज जेवणानंतर बसून मागचा सगळा अनुशेष काढतेय.”

त्यांनी वही टेबलावर ठेवली. पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘तक्रार नोंदवही’. धाकटीने उघडली.

लाल शाई! पानोपानी, समासात, ओळींच्या मधे, वर, खाली.

‘झरा क्र. १ वरील वाट दरड कोसळून बंद’ याच्यासमोर लाल अक्षरात: ‘झाडूवालीस सूचना दिली.’ ‘झरा क्र. २ चे पाणी गढूळ’ समोर: ‘टाकी धुण्यास सांगितले.’ ‘तिसरा झरा कायमचा आटला’ समोर: ‘प्लंबरला कळवले. पुन्हा कळवले.’ प्रत्येकाखाली तारीख आणि आद्याक्षरं.

“त्या तिसऱ्या झऱ्यापायी प्लंबर दोन दिवस गच्चीवर फिरत होता,” रेक्टर बाई म्हणाल्या. “म्हणाला, बाई, इथे टाक्या दोनच आहेत. मी म्हटलं, नीट शोध, मुली खोटं कशाला लिहितील?”

“मॅडम,” धाकटी म्हणाली, “हा माझा प्रबंध आहे.”

रेक्टर बाईंनी पहिल्यांदाच चपलांवरून नजर उचलली. “प्रबंध? मला वाटलं हल्लीच्या मुली तक्रारीसुद्धा टाइप करून देतात. बरंच वाटलं, अक्षर तरी लागतं. जरा पाल्हाळ जास्त आहे, पण म्हटलं, शिकलेल्या आहेत.”

“पहिल्या पानावर नाव होतं, विद्यापीठाचं बोधचिन्ह होतं…”

“पहिलं पान मी कधीच वाचत नाही. सगळीकडे तेच असतं.” मग जरा ओशाळून, “खोडायला हवं का आता ते लाल?”

“नको!” धाकटी इतक्या जोराने ओरडली की दारातली मांजर पळाली.

तिने चौथं प्रकरण काढलं. तिथे लाल शाईची गर्दी उसळली होती. ‘या बाईंचे लग्न पान ११२ वर चौदाव्या वर्षी, पान ११९ वर एकोणिसाव्या. नक्की काय? विचारून सांगावे.’ पुढे: ‘सर्व प्रकरणात तक्रारदार एकच. शेजारच्या खोल्यांचे काय म्हणणे? एकीच्या सांगण्यावरून कारवाई करता येत नाही.’

धाकटी त्या ओळीकडे बघतच राहिली. इतके दिवस बोट ठेवता न आलेली गोष्ट एका रेक्टर बाईने चिमटीत धरून समोर ठेवली होती.

‘या बाई’ म्हणजे धाकटीची आत्या. आई कामाला जाई म्हणून धाकटीला आत्यानेच वाढवलं. तिसऱ्या झऱ्यावर आत्या इतकं रंगवून, हातवारे करून बोलली होती की धाकटीने बाकी बेचाळीस माणसांना बाजूला सारून ते आख्खं प्रकरण तिच्या एकटीच्या जिभेवर उभं केलं होतं. झरा कुठल्या साली आटला? आत्या म्हणाली, माझ्या लग्नाच्या साली. धाकटीने लिहून घेतलं.

वसतिगृहाच्या पायरीवर बसून तिने आत्याला फोन लावला.

“आत्या, तुझं लग्न नक्की कुठल्या साली झालं?”

“का? आता काय काडीमोड करून देतेस?”

“सांग ना गं.”

“असं काय करतेस? ज्या साली तिसरा झरा आटला त्याच साली. वऱ्हाडाला पाणी नव्हतं, तुझा बाबा दोन डोंगर ओलांडून घेऊन आला.”

“आणि झरा कधी आटला?”

“लग्नाच्या साली! डोकंबिकं फिरलंय का तुझं? एवढं शिकून तेच तेच काय विचारतेस?”

धाकटीने डोळे मिटले. पाच वर्षं. आणि तिसरा झरा आत्याच्या लग्नाभोवती, आत्याचं लग्न तिसऱ्या झऱ्याभोवती, असे दोघे घाण्याच्या बैलासारखे फिरत होते.

“आत्या, माझं चौथं प्रकरण फसलंय वाटतं.”

“तुझे ते मोठे सर काय म्हणतात?”

“निःशब्द.”

“म्हणजे?”

“काहीच म्हणत नाहीत.”

“मग त्यांना पगार कशाचा देतात?” आत्या म्हणाली. मागे शेळी ओरडली, आणि फोन ठेवला गेला.

मंगळवारी ऐकण्याच्या तासाला खोली भरली होती. सात जण गोल करून बसलेले, फोटोवाला स्टुलावर चढलेला, किटली फसफसत होती. मधल्या टेबलावर निळी तक्रारवही, तिला कुणीतरी हौसेने रेशमी फीत बांधली होती. शेजारी प्रमाणपत्राचा कागद: ‘सदर प्रबंध मी वाचला असून तो सर्वार्थाने सिद्ध आहे.’ सरांनी पेनाचं टोपण काढलं.

“आपण इकडे उभ्या राहता का?” सर धाकटीला म्हणाले. “म्हणजे फोटोत आपण दोघे… म्हणजे आपण आणि मी.”

कपाटाशी फाइलताई फाइल छातीशी कवटाळून उभ्या होत्या आणि डोळ्यांनी विनवत होत्या: गप्प राहा, गप्प राहा. धाकटीच्या मनातही तेच चाललं होतं. एक सही. दोन अक्षरं आणि एक वेलांटी. शुक्रवारचे पाच वाजायच्या आत घोडं गंगेत न्हालं असतं. मग दूरच्या कुठल्या तरी विद्यापीठातला परीक्षक चौथं प्रकरण उघडेल, आणि तो काही शिबिराला गेलेला नसेल.

तिने पिशवीतून दुसरा निळा ठोकळा काढला आणि फितीवर ठेवला.

“सर, सहीच्या आधी हे बघा. माझा प्रबंध हा आहे. तुमच्यापुढे आहे ती वसतिगृहाची तक्रारवही.”

कपाटाशी फाइलताईंनी फाइल तोंडासमोर धरली.

“म्हणजे,” ग्रंथालयाचे प्रमुख सावकाश म्हणाले, “खोली क्रमांक नऊ…”

“खोली आहे सर. वसतिगृहात. नऊ नंबरची.”

“प्रतिमा नाही?”

“नाही. नळ गळतो.”

“मला पहिल्यापासून वाटत होतं,” एक बाई म्हणाल्या.

“मग बोलला का नाहीत?” दुसऱ्यांनी विचारलं.

“तुम्ही बोललात? तुम्ही तर ‘भुकेचे जिवंत चित्रण’ लिहिलंत!”

“कच्चे बटाटे होते हो त्यात! एकोणीस वेळा!”

“साहेब, हसताय ना?” फोटोवाल्याने वरून विचारलं.

“थांबा हो!” सर म्हणाले. ते लालबुंद झाले होते. खाली बघत त्यांनी दोन्ही वह्या जवळ ओढल्या. “मी वाचलं होतं,” ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. “शपथेवर सांगतो, सबंध वाचलं. पहिल्या पानावरच वाटलं, हे काहीतरी भलतंच आहे. मग म्हटलं, झरे टाकून देऊन वेगळीच वाट धरली असेल. आपण कोण विचारणार? विचारलं तर मन दुखावेल. म्हणून…”

“निःशब्द,” धाकटी म्हणाली.

“हो.”

सरांनी खरा प्रबंध उघडला. लाल शाई पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. “ही कुणाची?”

“रेक्टर बाईंची.”

“माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधावर रेक्टर बाई लाल शाई चालवतात?” त्यांच्या आवाजात राग कमी आणि मत्सर जास्त होता. ते वाचू लागले. ‘प्लंबरला कळवले’ पाशी मिशीत काहीतरी हललं. मग चौथं प्रकरण आलं. ते रेक्टर बाईंच्या ओळीपाशी थांबले, मागची दोन पानं उलटली, पुन्हा पुढे आले. चहा निवला. फोटोवाला स्टुलावरून उतरून बिस्किटं खाऊ लागला. सात जणांपैकी कुणी हललं नाही. त्या खोलीत इतक्या वर्षांत कुणी काही वाचताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासाने सरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि हात पुढे केला. तोंडाने काही मागितलं नाही, पण धाकटीला कळलं. तिने पिशवीतून एक लाल पेन काढून दिलं. टोपण इतक्या वर्षांत घट्ट बसलं होतं. सरांनी ते दातांनी ओढून काढलं.

मग ते दारातून चष्मिसवर ओरडत तसे, तस्सेच, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असे ओरडले:

“अगं वेडाबाई! चौथं प्रकरण साफ वाईट आहे! बेचाळीस माणसं दाराबाहेर ताटकळत बसवलीस आणि आत एकट्या आत्याला घेतलंस?”